वाटणी, वाटनी

"मग चूल कुठं मांडनार गो?"

आय दारात उभी होती. डोक्यावरची पाटी तिने अजून उतरवली नव्हती, म्हणजे अलिबागच्या बाजारातून आली ती तडक माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी. बायजा तिचं नाव, माझी सासू. पण तिला सासू म्हणायची माझी अजून छाती झालेली नाही, मी सगळ्यांसारखी आयच म्हणते. आज बर्फ किती टाकू, असं ती जशी विचारते, तसाच तिने हा प्रश्न विचारला होता. आवाजात राग नव्हता, रडू तर नव्हतंच. मी लॅपटॉपसमोर बसले होते आणि पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. पट्टी भरेपर्यंत कशालाही हात लावू नकोस, मध्येच बंद पडलं तर सगळं मुसळ केरात, असं माझ्या चुलतबहिणीने, प्रणालीने, फोन ठेवताना बजावलं होतं. त्यामुळे मी हललेही नाही. "कसली चूल, आय?" असं विचारायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी सगळं माझ्या ध्यानात आलं. फोन स्पीकरवर होता. खिडकी उघडी होती. आणि खिडकीखाली केसर, माझी मोठी जाऊ, सकाळपासून बोंबील वाळत घालत होती. आय अंगणात शिरताच तिने तिला सांगितलं असणार.

तिने काय काय ऐकलं असेल ते मी मनातल्या मनात पुन्हा ऐकायला लागले. प्रणालीचा आवाज मुळात खणखणीत, त्यात ती नवी मुंबईच्या तिच्या ऑफिसात दिवसभर लोकांना कॉम्प्युटर समजावून देणारी. "आधी वाटणी कर, बाकीचं मग बघू." हे पहिलं. मग, "म्हातारीने नको तेवढी जागा अडवलीय, तिला जरा आवरून बसव." मग, "नवीला निदान निम्मी तरी दे, नाहीतर पुढे रडत बसशील." मग, "म्हातारीची चावी काढून घेतलीस ना? ती हरवली तर तिचं एक दार उघडायचं नाही." आणि सगळ्यांत कहर म्हणजे, "म्हातारीला नुसती झोपवू नकोस हां. ती झोपल्याचं सोंग करते, अर्धा डोळा उघडा ठेवून पडते. पूर्ण बंद कर, मगच वाटणीला हात घाल." यावर मी मोठ्याने हसून म्हटलं होतं, "केली बंद. आता हूं नाही की चूं नाही."

म्हातारी म्हणजे विंडोज, कॉम्प्युटर चालवणारी. लॅपटॉप घेतला तेव्हापासून त्यात तीच नांदत होती. नवी म्हणजे लिनक्स, तेच काम करणारी दुसरी, जी प्रणालीने पेनड्राइव्हवर घालून पाठवली होती. चावी म्हणजे म्हातारीच्या कुलपाचा लांबलचक आकडा, आणि झोपेचं सोंगही तिचंच, बंद केली तरी पूर्ण बंद न होण्याचं. म्हातारीला हाकलायचं नव्हतं. होडीच्या परवान्यांपासून केसरच्या लेकीच्या, म्हणजे पूर्वीच्या, बारशाच्या फोटोंपर्यंत सगळं तिच्याच पोटात, आणि अलिबागच्या कर सल्लागाराचं जे काम मी घरून करते तेही तिच्याशिवाय चालत नाही. तिला थोडी सरकवायची आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवीला बसवायची. मशीन सुरू केलं की तेच विचारतं, आज कोण? एका वेळी एकच जागी होते, दुसरी तिथेच असते पण तिला पत्ता नसतो. मग नवी हवी कशाला? सुजितने, माझ्या नवऱ्याने, हेच विचारलं होतं आणि मी काहीतरी अभ्यासाचं वगैरे सांगितलं. खरं तर कशालाच नको होती. मला नुसतं बघायचं होतं, तेच मशीन, त्याच कळा, तोच पडदा, आणि आत दुसरंच कुणीतरी असलं तर कसं वाटतं.

ही बघण्याची खोड मला भिंतीने लावली. माझं माहेर पोयनाडच्या आतल्या बाजूला, भातशेतीवालं. मी शाळेत असताना आमच्या बाबांची आणि काकांची वाटणी झाली. शेताचे बांध पडले ते मला दिसले नाहीत, पण घरात स्वयंपाकघराच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली, ती शेणामातीने लिंपताना मी बघितली. भिंत वाळेपर्यंत आमची आई तिच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापायची. पलीकडे काकू. पलीकडे प्रणाली, जी त्याआधी माझ्याच ताटात जेवायची. दोन्हीकडे तांदूळ त्याच शेतातला, पाणी त्याच विहिरीचं, तरी पलीकडून येणारा फोडणीचा वास वेगळा असायचा. मी भिंतीला कान लावून बसायची. आज काकूने काय केलं असेल? माझं नाव निघतं का? एकदा कान लावला तर अगदी कानाजवळ कुणाचा तरी श्वास ऐकू आला. प्रणाली पलीकडून तेच करत होती. मोठ्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं आणि आम्ही दोघी कुडातून बोलायला शिकलो. म्हणून आम्हा दोघींत कॉम्प्युटरच्या पार्टिशनला वाटणीच म्हणायचं, हे न ठरवता ठरलं. ती म्हणते, मी हजारदा वाटण्या केल्यात गं, एकातही कुणी रडलं नाही.

पण आयचा शब्द वाटणी नाही, वाटनी. इथे थळला ळचा ल होतो आणि णचा न. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, उच्चारच तर वेगळा, शब्द तोच. तसं नव्हतं. इथे वाटा रोज पडतो. होडी लागली की वाळूतच मासळीचे ढीग होतात, हा होडीचा, हा जाळ्याचा, हा खलाशांचा, आणि पाटीत भरेपर्यंत बायका आपापल्या घरच्या गोष्टीही करत असतात. वाटा म्हटला की कुणाचा चेहरा उतरत नाही. माझ्या माहेरी हा शब्द कुणी जेवताना उच्चारला असता तर घास घशात अडकला असता. म्हणूनच आय इतकी शांत होती की काय, ते मला कळेना. मी तिच्याकडे बघत राहिले. एका वाक्यात मिटलं असतं, आय, ही कॉम्प्युटरची गोष्ट आहे. वाक्य जिभेवर होतं. मी ते बोलले नाही. का बोलले नाही, याचं मलाच नवल वाटलं.

आयने पाटी उतरवली, उंबऱ्यावर बसली, पदराने मान पुसली. "होडी काय कापता येत न्हाय," ती म्हणाली. "ती एकच ऱ्हाईल. दोघं भाऊ तिच्यावर जातील. पन चुलीचं तसं न्हाय. मागची पडवी हाय, पन तिथं धूर कोंडंल."

"गॅस आहे ना आय, धूर कसला?" हे मात्र माझ्या तोंडून निघालं, आणि निघाल्यावर मी जीभ चावली. नाही म्हणायच्या ऐवजी मी सोयी सांगत होते. घरात गॅस येऊन जमाना झाला, पण वेगळी होते ती अजून चूलच.

"व्हय, तेपन हाय," आय म्हणाली. जरा थांबून तिने कमरेची किल्ली चाचपली, बहुतेक चावीचं ऐकलेलं आठवून. "संध्याकालची होडी लागूं दे. पोरं आली की त्यांच्याम्होरं बोलूया. मी बोलली तं कोन काय बोलनार न्हाय." आणि ती उठून मागे गेली.

संध्याकाळी सुजित आणि त्याचे थोरले भाऊ, केसरचे हर्षदभावजी, येतील, आय त्यांच्यापुढे बोलेल, आणि एकदा दोन भावांच्या मध्ये तो शब्द पडला की मग तो लॅपटॉपचा होता म्हणून उचलून घेता येणार नाही. आणि नाव माझंच होणार. धाकटी, त्यात बाहेरची, आतल्या गावची, लिहायला वाचायला पुढे. अशीच घर फोडते. बंदरावर केसरच्या मैत्रिणी काय बोलतील तेही मला ऐकू आलं, अगदी आवाजासकट. आणि केसर? तिने मला पापलेट कापायला शिकवलं, माझा गर्भ राहिला नाही तेव्हा महिनाभर मला पाण्याला हात लावू दिला नाही, जत्रेत माझ्यासाठी बांगड्या घेते त्या तिच्या मापाच्या घेते आणि मग स्वतःच घालते. तिने हे सगळं खिडकीखाली उभं राहून ऐकलं, आणि खिडकीतून डोकं आत घालून मला दोन शिव्या दिल्या नाहीत. शिव्या न देणारी केसर मी पाहिलेली नव्हती.

स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज यायला लागले. आदळआपट नाही, एकेक भांडं खाली उतरवून ठेवल्याचा आवाज. मी उठायला हवं होतं. पट्टी अर्ध्यावर होती. कशाला हात लावू नकोस एवढंच प्रणाली म्हणाली होती, खुर्चीला चिकटून बस असं नव्हे, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी बसले, आणि पट्टीचं निमित्त करून बसले. पंख्याचा वारा, खिडकीतून येणारा ओल्या बोंबलांचा वास, लांब खताच्या कारखान्याचा अखंड घुमणारा आवाज, जो इथल्या कुणाला ऐकूच येत नाही आणि मला लग्नाच्या दिवसापासून येतो. मी डोळे मिटले आणि पडवी बघितली. खिडकी पूर्वेला करायची. ओटा थोडा उंच, कारण मी केसरपेक्षा उंच आहे आणि तिच्या ओट्यावर माझी कंबर धरते. मसाल्याचा डबा डाव्या हाताला. सकाळी पहिला चहा मी करीन आणि तो पिऊन होईपर्यंत दुसरं काही करणार नाही. एखाद्या दिवशी नुसता वरणभात, वर लिंबू, मासळीचा तुकडाही नाही, आणि कुणी विचारणार नाही की आज कोण मेलं. टेबल एका कोपऱ्यात, म्हणजे काम करता करता कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील. फडताळाला दार नको, पडदा बरा, बारीक निळ्या फुलांचा.

मी डोळे उघडले. हे फूल कुठून आलं? विचार करायला लागलं की माणूस भिंतीपासून सुरुवात करतं, दारापासून करतं. पडद्याच्या फुलांपर्यंत पोहोचायला दिवस लागतात, महिने लागतात. माझ्याकडे फुलं तयार होती. म्हणजे कधीतरी भांडी घासताना, रिक्षाची वाट बघताना, रात्री सुजितच्या घोरण्याकडे पाठ करून, मी हे घर थोडं थोडं मांडत आणलं होतं आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता. मी घाबरले, पण खोटं कशाला सांगू, मजाही वाटली. आपल्याच घरात एक खोली सापडावी आणि तीही झाडलेली, पुसलेली.

पट्टी भरली. म्हातारी सरकली होती, तिला काही झालेलं नव्हतं. पुढचं सगळं पटापट झालं. नाव विचारलं, मी दिलं. परवलीचा शब्द विचारला, तो दिला. भाषा विचारली तेव्हा मात्र मी थबकले आणि मराठी निवडली. पडद्यावर नवी हळूहळू आपलं सामान लावत होती. शेवटी म्हणाली, पेनड्राइव्ह काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा. केलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, एकीखाली एक. गंमत म्हणजे नवी वर होती आणि म्हातारी खाली. आत्ता आली आणि आधीच वर बसली. बाजूला आकडे उलटे पळत होते. काही निवडलं नाही तर नवीच उठणार होती. मी बाणाची कळ दाबून खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. आधी म्हातारीला उठवलं, तिची ख्यालीखुशाली बघितली. पूर्वीच्या बारशाचे फोटो जागेवर, परवाने जागेवर. मी तिच्यात नवी शोधली, कुठे दिसेना. तिच्या हिशेबी तिची थोडी जागा कमी झाली होती, बस. मग बंद करून नवीला उठवलं. वेगळा रंग, वेगळी अक्षरं, सगळ्या गोष्टी उलट्या कोपऱ्यात. आणि इथे मात्र एका कडेला म्हातारीचा आख्खा कप्पा दिसत होता. उघडला तर उघडला. पूर्वी पाळण्यात झोपलेली, केसर तिच्यावर वाकलेली. नवीला जुनं सगळं दिसत होतं, आणि जुनीला नवीचा वासही नव्हता. हे बरोबर आहे की अन्याय आहे, ते मला ठरवता येईना. मी प्रणालीला फोटो काढून पाठवला. तिने लिहिलं, वाटणी झाली, पेढे कधी?

मग मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. जमिनीवर भांड्यांचे दोन ढीग होते. केसर मध्ये बसली होती आणि आय मोरीच्या कठड्यावर. केसरचे डोळे लाल होते, पण ढीग तिने नीट लावले होते. वाळूत लावतात तसे, दोन्हीकडे सारखे, मोठ्यासमोर मोठं, लहानासमोर लहान.

"केसरवैनी, आय, ऐका," मी म्हटलं, आणि एका दमात सांगून टाकलं. म्हातारी कोण, नवी कोण, चावी कसली, झोपेचं सोंग कुणाचं. सांगताना मला हसू येत होतं. केसर आधी नुसती बघत राहिली. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की हुंदक्याचा ते सांगता येणार नाही. "आगो माझे आये, त्या डबड्याची वाटनी!" ती म्हणाली. "आन मी सकालधरना आयचं औषद कुनाच्या चुलीवर गरम व्हनार तं बघतेय!" तिने पदर तोंडावर घेतला आणि खांदे हलायला लागले. मीही तिच्याजवळ बसले. पातेल्यांच्या मधोमध आम्ही दोघी हसत होतो, एकमेकींना धरून, आणि मला वाटलं, सुटले. संध्याकाळी होडी येईल आणि ही गोष्ट सुजितला सांगून पुन्हा हसता येईल.

आय हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. बाजारात ती गिऱ्हाइकाकडे अशीच बघते. भाव विचारून ते पुढे जातं, तेव्हा खरंच चाललंय की परत येणार आहे हे तिला पाठीवरून कळतं.

"मंग तुना न्हाय पायजे?" ती म्हणाली.

"काय?"

"वेगली चूल. मी इचारलं तवा तू न्हाय बोलली न्हायस. गॅस हाय, धूर कसला, असं बोललीस."

केसरचं हसू थांबलं. मला वाटलं होतं, आता सांगायला काही उरलं नाही, सगळं त्या डबड्यावर ढकलून झालं. पण आयने डबडं बाजूला सारलं होतं आणि प्रश्न तिथेच होता. इतक्या वर्षांत मला या घरात कुणी काही हवं का, असं विचारलं नव्हतं. विचारायची गरजही पडली नव्हती, सगळं मिळतच होतं. मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं असतं तर भांडी पुन्हा फळीवर गेली असती, केसरने मला मिठी मारली असती, आणि मी रात्री पुन्हा भिंतीकडे तोंड करून निळी फुलं बघत पडले असते.

"पायजे," मी म्हटलं. मुद्दाम नाही, तोंडातून तसंच निघालं, तिच्या बोलीत. "भांडून न्हाय, आय. कुणावर राग न्हाय. पण पायजे."

कारखान्याचा आवाज त्या क्षणी दोघींनाही ऐकू आला असेल. मग आयने मान हलवली, एकदाच, आणि गुडघ्यावर हात रेटून उठली. "बरं झालं बोललीस ती," ती म्हणाली. "मी सासूला कवा बोलली न्हाय. ती मेली तवा माझे केस पांढरे झालते. चल, उजेड हाय तवर पडवी बघू." आणि मागच्या दाराकडे गेलीही.

मी केसरकडे बघायचं टाळत होते. ती पुढे वाकली, आणि दोन ढिगांपैकी माझ्या बाजूच्या ढिगातून तिने भाकरीचा तवा ओढून काढला, बिडाचा, काळाकुळकुळीत, आणि मांडीवर घेतला.

"ह्यो मी देनार न्हाय," ती म्हणाली.

"तुझाच आहे तो, वैनी. कोण मागतंय?"

"मागशील," केसर म्हणाली. तिचा आवाज फुटत होता पण तवा तिने घट्ट धरला होता. "तुझी भाकरी दुसऱ्या कंच्या तव्यावर फुगत न्हाय. मना म्हाईत हाय."

आणि ते खरं होतं.